हॉलऐवजी मशीनजवळ: उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाचं ज्ञान एकमेकांना देण्याची पद्धत कशी बसवली

बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिकचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. एका शेडमध्ये कास्टिंग (साच्यात धातू ओतून केलेला भाग) ओतायचं आणि शेजारच्या शेडमध्ये तेच सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) लावायचं, अशा कारखान्यात आम्ही हे काम केलं. त्याआधी प्रशिक्षण म्हणजे माणसं हॉलमध्ये बसवायची, प्रोजेक्टर लावायचा आणि शेवटी हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या. ऑडिटला तो कागद पुरतो. रात्रपाळीत दोन वाजता कास्टिंगला ब्लोहोल (वायू अडकून पडलेल्या पोकळ्या) यायला लागले, की तो कुणाच्या कामाचा नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात वेगाने विसरतं. हॉलमधलं शिक्षण आणि त्याची गरज यांत महिनाभराचं अंतर असेल, तर गरजेच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही.

आपल्या भागात ही पद्धत बदलायला आणखी एक कारण आहे. मोल्डिंगची बरीच माणसं खानापूर तालुक्यातली आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली. जुलैत भाताची रोप लावणी आणि दिवाळीच्या मागेपुढे सुगी आली की निम्मं खातं गावाला जातं. त्या दिवसांत मेस्त्रीचं काम हेल्परवर येतं, आणि हेल्परला 'काय करायचं' ते माहीत असतं, 'का करायचं' ते नसतं. म्हणून सगळं वेळापत्रक आम्ही जूनच्या आधी माणसं तयार होतील अशा बेताने आखलं.

सुरुवात विषय निवडण्यापासून. इथे पुष्कळ कारखाने चुकतात: जे सांगायला सोपं त्याचेच व्हिडिओ करतात. आम्ही सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर आणि ब्रेकडाउन रजिस्टर काढलं आणि प्रत्येक दोषासमोर दोन प्रश्न लिहिले. हे चुकलं तर किती नुकसान होतं? आणि हे नीट जमणारी माणसं कारखान्यात किती? नुकसान मोठं आणि जाणकार एक-दोनच, असे विषय यादीत वर. बाकीच्यांना तूर्त हात लावायचा नाही. यादी लांबली की कामाचा उत्साह दुसऱ्या महिन्यात संपतो.

यादीतल्या प्रत्येक विषयाला तिसरा प्रश्नही विचारायचा: ही चूक मशीनलाच अडवता येते का? येत असेल तर धडा करू नका, अडवा. फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीत) पिन बसवून जॉब उलटा लागूच द्यायचा नाही, हे दहा व्हिडिओंपेक्षा चांगलं.

मग येतो सगळ्यात अवघड भाग, मेस्त्रीच्या हातातलं ज्ञान बाहेर काढणं. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली मांडलं होतं, की माणसाला शब्दांत सांगता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याला कळत असतं. मेस्त्रीला समोर बसवून 'मोल्डिंगबद्दल सगळं सांगा' म्हटलं तर तो दोन वाक्यांत गप्प होतो. त्याला येत नाही असं नाही, प्रश्नच चुकीचा असतो. त्याच्या कामाच्या जागी उभं राहून, त्याने नुकतीच केलेली हालचाल धरून विचारावं लागतं. 'अण्णा, आत्ता मिक्सर थांबवलात, कशावरून?' 'ही मूठ टाकून दिलीत, तिच्यात काय दिसलं?' एकाने विचारायचं, दुसऱ्याने शूट करायचं आणि टिपायचं. दोन्ही कामं एकाच माणसाने केली तर दोन्ही अर्धी राहतात.

मोल्डिंगच्या मातीचंच उदाहरण घेतो, कारण ग्रीन सॅण्डमध्ये, म्हणजे ओल्या मातीच्या साच्यांत, निम्मे दोष तिथेच जन्मतात असं आमचं मत आहे. मेस्त्री मूठ दाबतो, उघडतो, आणि गोळा मधोमध मोडतो. बोटांचे ठसे स्पष्ट उठले, मोडलेली कड धारदार राहिली आणि तळव्याला माती चिकटली नाही, तर माती बरोबर. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त, म्हणजे पुढे ब्लोहोल आणि पिनहोल (तसलीच बारीक छिद्रं). कड भुरभुरली तर पाणी कमी, म्हणजे साच्याच्या कडा झडणार आणि कास्टिंगमध्ये मातीचे कण अडकणार.

हे नुसतं लिहून हेल्परच्या हातात दिलं तर उपयोग शून्य. म्हणून आम्ही मुद्दाम तीन घमेली तयार केली: एक कोरडं, एक बरोबर, एक ओलं. मेस्त्रीने प्रत्येकातली मूठ दाबून 'ही अशी का' ते बोलून दाखवलं, आणि त्याच वेळी प्रयोगशाळेतल्या माणसाने त्याच मातीचा ओलावा आणि कॉम्पॅक्टिबिलिटी मोजली. कॉम्पॅक्टिबिलिटीची चाचणी साधी आहे: चाळलेली माती नळीत काठोकाठ सैल भरायची, वरची सपाट करायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि उंची किती टक्के उतरली ते वाचायचं. हाताने केलेल्या मोल्डिंगला ४० टक्क्यांच्या आसपासचा आकडा साधारण चालतो. ओलावा ३ ते ४ टक्क्यांत असतो, पण बेंटोनाइट (माती बांधून ठेवणारी चिकणमाती), कोल डस्ट आणि बारीक धूळ किती आहे त्यावर तो सरकतो, म्हणून नुसत्या ओलाव्यावर विसंबू नये. हाताचा अंदाज आणि आकडा अशी जोडी लागली की शिकणाऱ्याला स्वतःचा हात तपासता येतो: आधी मूठ दाबून आकडा सांगायचा, मग मोजायचं. अंदाज आणि मोजणी जुळायला लागली की तो हात तयार.

याच बोलण्यातून कुठल्याही पुस्तिकेत आम्ही न लिहिलेली एक गोष्ट निघाली. मेस्त्री मूठ दाबण्याआधी हाताच्या पाठीने मातीची ऊब बघतो. ओतकामानंतर पुन्हा वापरायला परत आलेली माती ५० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर मिक्सरजवळ बरोबर वाटलेली माती साच्यापर्यंत पोचेतो सुकते. आकडा मिक्सरवर बरोबर आणि दोष कोरड्या मातीचा, हे कोडं तिथे सुटलं. विचारलं नसतं तर मेस्त्रीने ते कधीच सांगितलं नसतं, कारण त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

काढलेलं ज्ञान कागदावर उतरवायला आम्ही जुनीच पद्धत घेतली. अमेरिकेत १९४० ते १९४५ या युद्धकाळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला, नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी. पुढे तो जपानात गेला आणि टोयोटाने तो कायमचा धरला. त्याच धर्तीवर आमच्या कागदाला तीनच रकाने: महत्त्वाची पायरी, तिच्यातली खुबी, आणि ती खुबी का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर कागद परत पाठवायचा, हा आमचा नियम. ज्याला कारण माहीत आहे तो परिस्थिती बदलली तरी सांभाळून घेतो. नुसती पायरी माहीत असलेला तिथेच अडतो.

मशीनशॉपमधला नमुना देतो. फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या सीएनसी लेथवर बाहेरचा व्यास ४०.०० हवा, मोजला तर ४०.०३ आला. वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठी कंट्रोलमध्ये भरायच्या दुरुस्तीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, आधीच −०.१२० आहे.

पायरी पहिली: बरोबर टूलच्या ओळीवर कर्सर न्यायचा. खुबी: टर्रेटवरचा (टूल धरणाऱ्या फिरत्या भागावरचा) आणि स्क्रीनवरचा टूल नंबर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. का: शेजारच्या ओळीत आकडा गेला तर हा जॉब तसाच राहतो आणि दुसराच व्यास बिघडतो.

पायरी दुसरी: −०.०३ टाकायचं. खुबी: दशांशचिन्ह प्रत्येक वेळी द्यायचंच. का: सेटिंगप्रमाणे एका मशीनवर दशांशचिन्हाविना ३० म्हणजे ०.०३० मिलिमीटर, तर शेजारच्याच मशीनवर ३० म्हणजे सरळ ३० मिलिमीटर.

पायरी तिसरी: '+इनपुट' दाबायचं. खुबी: 'इनपुट' नाही. का: '+इनपुट' जुन्या आकड्यात मिळवतो आणि −०.१५० होतं. 'इनपुट' जुना आकडा पुसून −०.०३० ठेवतो, आणि पुढचा जॉब ४०.१२ निघतो.

पायरी चौथी: स्क्रीनवर नवा आकडा वाचूनच सायकल स्टार्ट. व्यास कमी करायचा तर वजा आणि वाढवायचा तर अधिक, बाहेरचा व्यास असो की बोअर (आतलं भोक). का, तर लेथवर एक्स व्यासातच मोजतात. बोअरला चिन्ह उलटं लागतं असा समज नव्या ऑपरेटरांमध्ये फार पसरलेला आहे, म्हणून ही ओळ कागदावर जाड अक्षरात.

आणि वर म्हटल्याप्रमाणे, जिथे कंट्रोलमध्ये वेअर ऑफसेटला कमाल मर्यादा घालता येते तिथे ती आधी घातली. मोठा आकडा मशीनच घेत नाही म्हटल्यावर दुसऱ्या पायरीची भीती पुष्कळ कमी होते.

एका कागदावर पाच-सात पायऱ्या बसतात, त्याहून जास्त झाल्या तर ते काम दोन कागदांचं आहे असं समजायचं.

कागद झाल्यावर व्हिडिओ, आधी नाही. उलट क्रमाने केलं की दहा मिनिटांचं भटकं चित्रण हाती येतं. एका व्हिडिओत एकच काम, साठ ते नव्वद सेकंद. फोन आडवा, तिपाईवर, काम करणाऱ्याच्या खांद्यावरून, म्हणजे बघणाऱ्याला हात तसेच दिसतात जसे त्याचे स्वतःचे दिसतील. समोरून काढलं तर उजवं-डावं उलटतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शेडमधल्या दिव्यांखाली फोनच्या चित्रात पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा प्रो मोडवर नेऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जातात. ओतकाम शूट करताना फोन आपोआप उजेड जुळवायला जातो आणि धातू सोडून बाकी सगळं काळं होतं, म्हणून एक्सपोजर आणि फोकस लॉक करायचे. तिथे झूम वापरायचा, जवळ जायचं नाही.

चित्रात जो दिसेल त्याच्या अंगावर पूर्ण साधनं हवीत: हेल्मेट, चष्मा, बूट, लेडलजवळ (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्याजवळ) फेस शील्ड आणि गेटर (पोटरीवरचं संरक्षक आवरण). मेस्त्री सवयीने चपलेवर उभा असेल आणि ते चित्रात आलं, तर शिकणारा पहिला धडा तोच घेतो. असा तुकडा कितीही सुंदर असला तरी पुसायचा.

आवाज जागेवर घ्यायचा नाही. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) चालू असताना काही ऐकू येत नाही. मेस्त्रीला नंतर ऑफिसात चित्र दाखवायचं आणि बोलायला लावायचं, आणि तेही त्याच्या नेहमीच्या बोलीत. भाषेचा प्रश्न इथे खरा आहे. एकाच लाइनवर खानापूरचा मराठी, बैलहोंगलचा कन्नड आणि बिहार-ओडिशाकडचा हिंदी समजणारा माणूस असतो. आम्ही एकाच चित्रावर तीन आवाज चढवले. चित्र एकदाच काढायचं असल्यामुळे याला फार वेळ लागत नाही. कन्नड आवाज कन्नड मेस्त्रीचाच घ्यावा. मराठीवरून वाचून केलेलं कन्नड लगेच कळतं आणि माणसं ऐकणं सोडतात. ऑफसेट, स्पिंडल, रायझर, रनर हे शब्द तिन्ही भाषांत तसेच बोलले जातात, ते तसेच ठेवले. आकडे पडद्यावर मोठ्या अंकांत, म्हणजे आवाज नसला तरी कळतात.

ठेवायचं कुठे? सगळेच प्रथम व्हॉट्सअॅप ग्रुपकडे वळतात. प्रश्न विचारायला ग्रुप उत्तम: फोटो टाकला की पहिल्या पाळीचा मेस्त्री घरून उत्तर देतो. साठवायला तो अजिबात कामाचा नाही. व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आकडे पुसट होतात, आणि दोन दिवसांत तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. म्हणून ग्रुपमध्ये आलेलं चांगलं उत्तर आठवड्याला एकाने उचलायचं, तपासून घ्यायचं आणि कागदात घालायचं, हे काम नाव लावून दिलं. व्हिडिओ कारखान्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवले. लिंक असलेल्या कुणालाही दिसेल अशा जागी ते ठेवू नका. जॉबवर्क करणाऱ्यांकडे ग्राहकाची ड्रॉइंग असतात, आणि मागच्या टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग चित्रात आलेलं लक्षातही येत नाही.

मशीनपासून व्हिडिओपर्यंत पोचायला क्यूआर कोड. जपानच्या डेन्सो वेव्हने तो १९९४ साली वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच काढला, त्यामुळे कारखाना त्याला नवा नाही. कोड तयार करताना दुरुस्तीची पातळी विचारतात: एल, एम, क्यू आणि एच. एच घ्या, त्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, आणि फाउंड्रीत काजळी व तेलाचे हात लागणारच. पातळी वाढली की चौकोन बारीक होतात, म्हणून लिंक छोटी ठेवायची. दोन हात लांबून वाचायचा तर कोड आठ-दहा सेंटिमीटरचा हवा, आणि भोवती चार चौकोनांइतकी पांढरी कड सोडायचीच. ती कापली की कोड वाचत नाही आणि लोक फोनला दोष देतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोड थेट फाइलवर नेऊ नका. मधल्या एका वेबपानावर न्या, तिथून फाइल उघडू द्या. फाइल बदलली तरी स्टिकर तोच राहतो. भट्टीजवळ लॅमिनेशन वाकतं आणि पिवळं पडतं, तिथे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून घ्यावं किंवा कोड पॅनेलच्या बाजूला न्यावा.

फोनचा प्रश्न उरतोच. वितळलेल्या धातूजवळ आणि चालू मशीनवर फोन नको, आणि तो नियम या कामासाठी सैल करायचा नाही. आम्ही लाइनच्या टोकाला खांबावर टॅब्लेट बसवला, व्हिडिओ त्यातच उतरवून ठेवले, कारण पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क येतं-जातं.

आता प्रत्यक्ष शिकवणं. व्हिडिओ बघून काम येत नाही. तो आठवण करून द्यायला आहे. त्याच जुन्या कार्यक्रमातल्या चार पायऱ्या आम्ही जशाच्या तशा घेतल्या: माणसाला तयार करणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, मागे राहून बघणं. दाखवताना तीनदा दाखवायचं. पहिल्यांदा पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा पायऱ्या आणि खुबी, तिसऱ्यांदा कारणांसह. करवून घेतानाही तोच क्रम, आणि बोलायचं शिकणाऱ्याने. इथे मेस्त्रींना फार जड जातं, त्यांचा हात आपोआप पुढे येतो. हात मागे बांधून उभं राहायचं, धोका असेल तरच थांबवायचं. शिकणारा कारण चुकीचं सांगतोय हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही. हात बरोबर चालत असतात. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा बघायचं.

कोण कुठवर आलाय ते फळ्यावर, चार भाग केलेल्या गोलात: काम माहीत आहे, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. चौथा भाग भरायला परीक्षा नाही. त्याने शिकवलेल्या माणसाचे जॉब तपासणीत पास झाले पाहिजेत, इतकंच.

मेस्त्रींची भीती टाळून पुढे जाता येत नाही. 'माझं काम दुसऱ्याला आलं तर मला कोण विचारणार?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर व्यवस्थापनाने पैशात आणि मानात द्यायला हवं. चौथा भाग भरणाऱ्याला भत्ता, कागदावर त्याचं नाव, आणि त्या कागदात बदल करायचा तर त्याची सही लागणार. सही ही सगळ्यात जास्त कामाला येते असं आमचं निरीक्षण आहे. भत्ता नसेल आणि नुसतं कौतुक असेल, तर ही पद्धत बसवायला जाऊच नये.

पाळी बदलताना दहा मिनिटांची उभी बैठक ठेवली. यातले चार प्रश्न अमेरिकन सैन्याच्या सरावांतून १९७० च्या दशकात पुढे आलेले आहेत: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. आमची भर एवढीच, की बैठक बाद झालेलं कास्टिंग हातात घेऊन त्याच जागी करायची आणि माणसाचं नाव घ्यायचं नाही. एस. जी. आयर्नच्या (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) हीटवर, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूवर, याचा फार उपयोग होतो. मॅग्नेशियमची प्रक्रिया केल्यावर धातू साधारण आठ-दहा मिनिटांत ओतून संपला नाही तर मॅग्नेशियम उतरतं आणि गोल ग्रॅफाइट बिघडतं. उशीर क्रेनमुळे झाला, साचे लांब मांडल्यामुळे झाला की लेडल तापवून न ठेवल्यामुळे, हे त्याच दिवशी जागेवरच कळतं. त्यातून लेडलजवळ मोठं घड्याळ आणि 'प्रक्रियेची वेळ इथे लिहा' असा फळा लागला.

हॉल पूर्ण बंद झाला नाही. प्रथमोपचार, आगीचा सराव, मोजमापाचं गणित आणि ड्रॉइंग वाचन तिथेच बरं. ड्रॉइंगवर वस्तूच्या बाजू मांडायच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात आणि अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं असतं. चिन्ह न बघता वाचलं तर जॉब आरशातला निघतो. ते शिकायला टेबल आणि पेन्सिल लागते.

फायदा किती झाला ते व्हिडिओ किती जणांनी बघितला यावरून मोजू नका. ज्या दोषासाठी कागद केला त्याचं रिजेक्शन आधी आणि नंतर, आणि नवा माणूस एकटा काम करायला किती दिवस घेतो, हे दोनच आकडे ठेवा.

प्रत्येक कागदावर त्याची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव आणि तपासणीची तारीख हवी. बेंटोनाइटचा पुरवठादार बदलला, इन्सर्टचा (टूलच्या बदलत्या कापणाऱ्या तुकड्याचा) ग्रेड बदलला किंवा कंट्रोल नवा आला की तारखेची वाट न बघता कागद उघडायचा. मातीचा कागद पावसाळ्याआधी हमखास बघावा लागतो: आपल्या पावसात उघड्यावरची नवी माती आधीच ओली येते, मिक्सरमध्ये घालायचं पाणी तेवढं कमी करावं लागतं. नवा कागद लावणाऱ्यानेच जुना काढून फाडायचा आणि मधल्या पानावरची फाइल त्याच पाळीत बदलायची. भिंतीवर एक आणि टॅब्लेटवर दुसरं दिसलं, तर ऑपरेटर दोन्ही सोडून देतो आणि शेजाऱ्याला विचारतो.